घरगुती साबण : छंद आणि व्यवसाय

हळदीचा साबण करण्याच्या हौशीनें जे पुष्कळ लोक या छंदाकडे वळतात, त्यांचा पहिला विरस रंगानें होतो. सुंदर पिवळी वडी निघेल या अपेक्षेनें मिश्रणांत हळद घालावी, तों तें क्षणांत विटकरी लाल होतें. वास्तविक यांत नवल वाटावयास नको. हळदीला चुना लागला कीं ती लाल होते, हें महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक आहे. हळदीचें कुंकू याच गुणावर होत आलें आहे. साबणांतही चुन्याचाच, पण त्याहून पुष्कळ प्रखर असा एक भाऊबंद असतो. त्याचें नांव कॉस्टिक सोडा. घरगुती साबणासंबंधीं जें कांहीं शिकावयाचें, तें बहुतेक या एका पदार्थाशीं नीट वागण्यांत सामावलेलें आहे. सुवास, रंग, सांचे आणि वेष्टनें हीं मागाहून येतात.

‘सोडा नसलेला शुद्ध साबण’ अशी पाटी प्रदर्शनांतून हल्लीं पुष्कळदां दिसते. तिच्यांत अर्धेंच सत्य आहे. तेल किंवा चरबी आणि क्षार यांच्या संयोगावांचून साबण या नांवाचा पदार्थ होतच नाहीं. मात्र तो संयोग पुरा झाला म्हणजे क्षार क्षाररूपानें उरत नाहीं. त्याचें व तेलाचें मिळून तिसरेंच कांहीं झालेलें असतें. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या क्रियेचा उलगडा केला. तेलाच्या रेणूंत ग्लिसरीन आणि मेदाम्लें यांची गांठ पडलेली असते. सोडा ती गांठ सोडवितो, मेदाम्लांना आपल्याशीं जोडून घेतो, आणि ग्लिसरीन मोकळें होतें. मेदाम्ल आणि सोडा यांची जी जोडी जमते, तोच साबण. मोठ्या कारखान्यांत हें ग्लिसरीन बहुधा वेगळें काढून घेतात, कारण त्याला स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. घरगुती साबणांत तें वडींतच राहतें. घरच्या साबणाचा स्पर्श मऊ लागतो याचें एक कारण हें, आणि पावसाळ्यांत त्याच वडीला घाम फुटतो त्याचेंही कारण हेंच; ग्लिसरीन हवेंतील ओल ओढून घेतें.

साबण हा शब्द अरबी-फारसींतून आलेला, आणि ती वस्तूही सामान्य घरांत नित्याची झाली ती उशीरांच. त्यापूर्वीं अंगाला डाळीचें पीठ व उटणें, केंसांना शिकेकाई, रेशमी वस्त्रांना रिठा आणि साध्या कपड्यांना राखेचें पाणी किंवा खारी माती, अशी वांटणी होती. विलायती साबण आला तेव्हां त्यांत जनावराची चरबी असण्याची शंका हा त्याच्या प्रसारांतील मोठा अडथळा होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईस अर्देशर गोदरेज यांनीं निव्वळ वनस्पतिज तेलांचा साबण बाजारांत आणला, तो या पार्श्वभूमीवर. गांधीजींनीं १९४१ सालीं विधायक कार्यक्रमावर जी पुस्तिका लिहिली, तींत दळणकांडण, कागद, तेलघाणी यांच्या पंक्तीला साबण करणें हाही ग्रामोद्योग गणला आहे. पुढें या ग्रामोद्योगी साबणाची एक निराळी वाट पडली. खाण्याचें तेल खर्चीं न घालतां निंबोळी, करंज, मोह, उंडी अशा तेलांचा उपयोग करावा, ही ती वाट. या तेलांना उग्र वास असतो, म्हणून शौकीन गिऱ्हाईक त्यांजकडे पाठ फिरवितें. पण कपडे धुण्याच्या साबणाला तीं उत्तम होत.

आतां मुख्य मुद्दा. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक निराळी असते. १००० ग्रॅम खोबरेलाचा पुरता साबण होण्यास सुमारें १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तितक्याच शेंगदाणा तेलाला सुमारें १३६ ग्रॅम पुरतो, कोकमतेलाला १३५ आणि एरंडेलाला १२८. या अंकांवर साबणाचें सारें गणित उभें आहे. एखाद्या गृहिणीनें खोबरेलाची कृति पुढें ठेवली, खोबरेल महाग म्हणून त्याच्या जागीं शेंगदाणा तेल घेतलें आणि सोडा मात्र तेवढाच ठेवला, तर किलोमागें ४७ ग्रॅम सोडा वडींत मोकळा राहील. अशी वडी दिसावयास निर्दोष असूं शकते. पण ती अंगाला लावली तर कातडी भाजून निघेल. उलट चूक झाली, तर वडी मऊ आणि तेलकट राहून कांहीं महिन्यांत खवट होईल. भाजींत मीठ कमीजास्त झालें तर चवीनें कळतें आणि सुधारतां येतें. येथें तशी सोय नाहीं. म्हणून साबण वाटीनें, चमच्यानें किंवा अंदाजानें करूं नये. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा ही या छंदांतील पहिली खरेदी. सांचे नसले तरी चालतील. तेलसुद्धां लिटरनें न मोजतां वजनानेंच घ्यावें, कारण एक लिटर खोबरेल वजनाला ९२० ग्रॅमच्या आसपासच भरतें, आणि हा फरक किरकोळ नव्हे.

तेलांचे स्वभावही वेगळे. खोबरेलाचा साबण टणक आणि पांढराशुभ्र होतो व खाऱ्या पाण्यांतसुद्धां फेंस देतो. पण तेंच एक तेल घेतलें तर साबण अंग कोरडें पाडतो. शेंगदाणा तेल सौम्य, मात्र त्याची वडी नरम आणि फेंस बेताचा. एरंडेल थोडेंसेंच घालावयाचें. तें फेंस टिकवून धरतें. कोंकणांत कोकमाच्या बियांचें जें तेल काढतात आणि थंडींत टांचांच्या भेगांना लावतात, तें साबणाला फार उपकारक आहे. तें साध्या हवेंत घट्ट असतें आणि वडीला कठीणपणा आणतें. परदेशांतून येणाऱ्या कोको आणि शिया या महागड्या लोण्यांमागें धांवणाऱ्यांनीं या घरच्या पदार्थाकडे एकदां तरी पाहावें.

या चौघांचा मेळ घालून १००० ग्रॅम तेलाची एक विश्वासू कृति अशी होते : खोबरेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३५०, कोकमतेल १५० आणि एरंडेल १००. वर दिलेल्या अंकांनीं हिशेब केला म्हणजे सोडा १५४ ग्रॅम येतो. पण तेवढा सबंध सोडा अंगाच्या साबणांत कधींच घालीत नाहींत. शेंकडा पांच कमी करून १४६ ग्रॅम घेतात. तेलाचा अंक घाण्यागणिक किंचित् बदलतो, काटाही थोडा चुकतो; ही सूट म्हणजे त्या साऱ्यावरचा विमा होय. शिवाय साबण न झालेलें तें थोडें तेल वडीला मऊपणा देतें. पाणी ३०० ग्रॅम पुरे, आणि तें शुद्ध केलेलें किंवा निदान मऊ असावें. विहिरीच्या जड पाण्यांतील चुना साबणाचा साका करतो. सोडा मात्र चांगल्या प्रतीचा, घट्ट झांकणाच्या डब्यांतला घ्यावा. मोरी साफ करण्याच्या भुकटीवर कॉस्टिक सोडा असें लिहिलेलें असलें तरी तिच्यांत इतर द्रव्यें मिसळलेलीं असूं शकतात. ती या कामीं वर्ज्य समजावी.

सोडा पाण्यांत घालावा; पाणी सोड्यांत कधींही ओतूं नये. हा क्रम उलटा झाला तर मिश्रण उसळून तोंडावर उडतें. योग्य क्रमानें घातला तरी पाणी विस्तवावांचून इतकें तापतें कीं भांडें हातांत धरवत नाहीं, आणि वर जी वाफ येते ती घशाला झोंबते. म्हणून हें काम खिडकीपाशीं किंवा अंगणांत करावें. डोळ्यांना बंद चष्मा, हातांत रबरी मोजे आणि अंगांत लांब बाह्यांचा कपडा हीं तीन पथ्यें रोजच्या सवयीच्या माणसानेंही मोडूं नयेत. भांडें पोलादी किंवा जाड प्लॅस्टिकचें असावें. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत सोडा पडला तर तो धातूच खाऊं लागतो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायु सुटतो. कल्हईचें भांडेंही चालत नाहीं. कल्हईवरही सोड्याचा मारा होतो.

सोड्याचें पाणी दिसावयास साध्या पाण्यासारखेंच असतें, आणि घरांतले खरे अपघात या सारखेपणामुळें होतात. तें पेल्यांत, तांब्यांत किंवा सरबताच्या बाटलींत क्षणभरसुद्धां ठेवूं नये. घरांत लहान मूल असेल तर तें झोंपलें असतां किंवा बाहेर गेलें असतांच साबण करावा. कातडीवर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखालीं पंधरावीस मिनिटें धुवावें. लिंबू किंवा शिरका चोळण्याचा जो उपाय सांगतात, तो करूं नये, कारण क्षार आणि आम्ल यांच्या भेटींत आणखी उष्णता निघते. डोळ्यांत गेला तर तसेंच सतत धुवून लागलीच दवाखाना गांठावा. कोणीं तें गिळलेंच, तर ओकारी काढण्याच्या खटपटींत वेळ न घालवितां रुग्णालयांत न्यावें. वर येतांना तें अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतें.

ही खबरदारी सांभाळली म्हणजे पुढचें काम आनंदाचें आहे. कोकमतेल मंद आंचेवर वितळवून त्यांत बाकीचीं तेलें मिसळावीं. तेल आणि सोड्याचें पाणी हीं दोन्हीं कोमट, सुमारें ४० ते ४५ अंशांवर आलीं म्हणजे पाण्याची बारीक धार तेलांत सोडून ढवळावयास लागावें. पळीनें ढवळलें तर तास-दीड तास सहज जातो. विजेची रवी असली तर कांहीं मिनिटांत काम होतें. मिश्रण प्रथम गढूळ होतें, मग कढीसारखें, मग बासुंदीसारखें. पळी उचलून तिची धार वरून सोडली असतां ती पृष्ठभागावर क्षणभर रेघेसारखी उमटून राहिली, म्हणजे सोडा आणि तेल यांचें जमलें असें समजावें. सुगंध घालावयाचा तो या वेळीं. तो किलोभर तेलाला २० ते ३० ग्रॅमांपलीकडे नसावा. लवंगेच्या तेलासारखीं कांहीं तेलें त्याहूनही पुष्कळ कमी लागतात, आणि तीं घालतांच मिश्रण भराभर थिजूं लागतें, हेंही ध्यानांत ठेवावें. मग कागद लावलेल्या लांकडी खोक्यांत तें ओतून वर फडकें पांघरावें. आंतल्या आंत तें पुन्हा तापतें. दुसऱ्या दिवशीं ठोकळा बाहेर काढून त्याच्या वड्या कापाव्या. त्या वेळीं तो साधारण खव्याइतका मऊ असतो.

वड्या कापल्या कीं साबण झाला, असें मानणारे पुष्कळ आहेत. सोडा आणि तेल यांची क्रिया एकदोन दिवसांत बहुतेक पुरी होते हें खरें. पण वडींतलें पाणी उडावयाचें असतें, आणि ती आंतून बांधली जावयाची असते. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. या मुदतींत वड्या एकमेकींना न चिकटतील अशा, वारा खेळेल अशा फळीवर मांडून अधूनमधून उलटाव्या लागतात. सहा आठवड्यांची वडी आणि सहा दिवसांची वडी शेजारीं ठेवून वापरल्या, तर पहिली महिना टिकेल आणि दुसरी पंधरवड्यांत साबणदाणींत विरघळेल. शेवटीं एक परीक्षा. ओल्या वडीवर पीएचचा कागद टेंकवावा. ९ ते १० हा अंक खऱ्या साबणाचा; ११ च्या वर दाखविला तर ती वडी अंगाला लावूं नये. याच कारणानें ‘त्वचेइतकाच पीएच असलेला’ नैसर्गिक साबण म्हणून कोणी वडी विकीत असेल, तर ती साबणाची तरी नसावी किंवा तो दावा तरी खरा नसावा.

रंगाच्या बाबतींत सोड्यापुढें फुलापानांचें फारसें चालत नाहीं. हळदीचा लाल रंग पुढें निवळत निवळत मोहरीच्या रंगावर येतो आणि उजेडांत ठेवला तर फिका पडतो. गुलाबाच्या पाकळ्या काळपट तपकिरी होतात. दूध घातलें तर त्यांतली साखर करपून वडी बदामी होते. गेरू, मुलतानी माती, कोळशाची पूड हे मात्र टिकाऊ रंग. ताजी फळें, भाज्यांचा रस किंवा नारळाचें दूध सढळ हातानें घालण्याची हौस अनेकांना असते. त्यानें जाहिरात रंगतदार होते, वडी तितकीशी टिकाऊ होत नाहीं.

तयार गोळा विकत आणून, वितळवून, रंग-वास घालून सांच्यांत ओतण्याचा एक सोपा प्रकार आहे. त्यांत सोड्याशीं संबंध येत नाहीं, म्हणून मुलांच्या सुट्टींतल्या उद्योगाला तो ठीक. परंतु त्यालाही ‘तेलापासून घरीं केलेला’ म्हणून विकणें हा गिऱ्हाइकाचा विश्वासघात होय.

छंदाचा धंदा होऊं लागला म्हणजे प्रथम नडतो तो हिशेब. वरील कृतींत तेल, सोडा आणि पाणी मिळून १४४६ ग्रॅम माल सांच्यांत पडतो. सहा आठवड्यांनीं तो सव्वा किलोच्या घरांत उरतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या बारा वड्या. कापतांना १०० ग्रॅमची असलेली वडी विकतांना १०० ग्रॅमची नसते, आणि वेष्टनावर छापलेलें निव्वळ वजन खरें निघालें पाहिजे. म्हणून ती १२० ग्रॅमची कापावी लागते. हें ज्यांच्या ध्यानांत येत नाहीं, त्यांची किंमत पहिल्याच खेपेला सहाव्या हिश्शानें चुकते. त्यांत तेलाचे भाव स्थिर नसतात. २०२५ सालीं खोबरेल फार कडाडलें, तेव्हां जुन्या दरानें मागणी घेऊन बसलेल्यांचें कठीण झालें. आणि बाईमाणसाच्या हाताला मोल नाहीं असें धरून जो हिशेब होतो, तो तर मुळांतच खोटा. ढवळणें, कापणें, महिनाभर वड्या उलटणें, वेष्टन, प्रदर्शनांत दिवसभर उभें राहणें, या तासांची मजुरी किंमतींत धरावी. ती धरल्यावर वडी दुकानांतल्या साबणाच्या दोनतीन पट महाग होते. कारखान्याशीं दरांत स्पर्धा करतां येणार नाहीं हें आधींच मान्य केलेलें बरें. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांतून बचत गटांच्या मालाला जें गिऱ्हाईक मिळतें, तें स्वस्ताईसाठीं येत नाहीं. कोणीं, कशाचा आणि केव्हां केला, हें विचारण्यास तें येतें.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. घरीं वापरण्यास किंवा आप्तेष्टांना देण्यास साबण करण्याला कोणाची हरकत नाहीं. परंतु अंगाचा साबण हा भारतांत सौंदर्यप्रसाधन ठरतो. १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्याखालीं, २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, विक्रीसाठीं तो करावयाचा तर परवाना हवा. महाराष्ट्रांत तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. त्यासाठीं स्वतंत्र स्वच्छ जागा, शिक्षणाची अट पुरी करणारा तांत्रिक माणूस आणि मालाची तपासणी लागते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हें जमणें अवघड. याला एक पळवाट नव्हे, पण राजमार्गाचीच एक शाखा आहे : परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यांत आपला माल करून घेण्याचा वेगळा परवाना मिळूं शकतो. चारपांच गटांनीं मिळून एकच जागा उभारणें हाही उपाय विचार करण्याजोगा आहे. वेष्टनावर घटक, घाण क्रमांक, मुदत, निव्वळ वजन, किंमत, करणाराचें नांव-पत्ता आणि परवान्याचा क्रमांक हवा. ‘खरूज बरी करतो’, ‘गजकर्ण घालवितो’ असें लिहूं नये. तसें लिहितांच तो साबण औषधाच्या सदरांत जातो आणि नियम आणखी कडक होतात.

राहिला पंचांगाचा प्रश्न. महाराष्ट्रांत अंगाच्या साबणाला मोठी मागणी येते ती दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला. अधिक मास आडवा आला नाहीं, तर अनंत चतुर्दशीपासून धनत्रयोदशीपर्यंत सहाच आठवडे असतात. म्हणजे गणपति विसर्जनाच्या दिवशीं कापलेली वडी नेमकी धनत्रयोदशीला तयार होईल, आणि तेव्हां ती विकण्यास वेळ उरणार नाहीं. कोंकणांत तर श्रावण-भाद्रपदांतली हवा ओली. तेथें वडी सुकण्यास आणखी पंधरा दिवस धरावे लागतात. तेथल्या करणारांनीं दिवाळीचा साबण वैशाखांतच, पावसापूर्वीं करून ठेवावा. तें साधलें नाहीं तर नारळी पौर्णिमा ही शेवटची मुदत. वड्या माळ्यावर नव्हे, तर पंखा फिरत असलेल्या बंद खोलींत, भिंतीपासून दूर मांडाव्या, आणि दिवाळीच्या मागण्या त्या सुकल्यावरच स्वीकाराव्या.